पोपटीतलं हाड

उरणमध्ये बातमी कळायला पेपर लागत नाही. करंज्याच्या धक्क्यावर कुणाच्या बोटीला घोळ लागली, कंटेनर यार्डात कुणाच्या पोराला लावून घेतलं, कुणाच्या हळदीला कुठला बेंजो आला होता, हे सगळं सकाळी कपडे वाळत घालताना कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्याकडे येतं. भिंत छातीएवढी. पलीकडे काकी, अलीकडे मी. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवायचे, म्हणून आळीत मला ‘टीचर’ म्हणतात. साप निघाला, पोराला ताप भरला किंवा कोंबडी दाणा खाईनाशी झाली की पहिली हाक मलाच. या तिन्हींतलं मला फारसं काही कळत नाही, पण हे आता कुणाला सांगण्यात अर्थ उरलेला नाही.

त्या दिवशी विषय पोपटीचा होता. आदल्या रात्री काकींच्या वाडीत पोपटी लागली होती आणि आम्हाला बोलावणं होतं.

“मीठ जास्ती झालं ना गो?”

“छे हो काकी, झकास झाली होती.”

“खोटं नको बोलू. सुनेनं टाकलं मीठ. मना ठावं हाय.”

“आई, मी इथंच उभी आहे,” दोरीवरच्या चादरीमागून सुनबाईंचा आवाज आला.

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना तिचं वर्णन सांगून काही उपयोग नसतो, तरी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ आणि मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन. मडक्याचं तोंड पुन्हा पाल्यानेच गच्च बंद करायचं आणि ते उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडालं की झाली पोपटी. एरवी लोक चिकनचे तुकडे घालतात, पण काकींनी यंदा घरचा गावठी कोंबडा चिरा मारून अख्खाच घातला होता. पुढचं सगळं रामायण त्या अख्ख्यामुळे झालं.

कारण तेवढ्यात काकींचा नातू शाळेच्या गणवेशात, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात एक हाड घेऊन भिंतीशी आला. “टीचर, हे काय आहे? कार्टूनमध्ये असतं ते?”

हाड बोटाएवढं. दोन बारीक, किंचित वाकलेल्या काड्या, खाली एकत्र येऊन जुळलेल्या. जुळतात तिथे नखाएवढी चपटी पट्टी. वरची दोन्ही टोकं थोडी पसरट. बरोब्बर इंग्रजी व्ही. चाटूनपुसून इतकं स्वच्छ केलेलं, की हे काकांनी खाल्लेल्या भागातलं असणार हे मी ओळखलं. काका कोंबडी खातात तेव्हा मागे मांजराला काही उरत नाही.

“असा हार तं मी जल्मान बगला नाय,” काकी म्हणाल्या. आगरी तोंडात हाडाचं ‘हार’ होतं, हे उरणला यायचं तर आधी शिकावं लागतं. “साठ वर्सं कोंबरी कापतेय मी. या कोंबऱ्यालाच व्हता का काय?”

प्रत्येक कोंबडीला असतं काकी. तुम्ही प्रत्येक वेळी ते कापत आलात.

आपल्याकडे कोंबडी सोलली की सत्तूर चालतो. रस्सा करायचा, घरात आठ-दहा माणसं, प्रत्येकाच्या वाटीत दोन तुकडे तरी यायला हवेत. दुकानदार छातीवर तीन-चार घाव घालतो आणि गळ्याच्या बुडाशी असलेल्या या नाजूक हाडाची काडी-काडी होते. मग ताटात दाताखाली एक बारीक तुकडा येतो, आपण तो काढून ताटाच्या कडेला ठेवतो आणि दुकानदाराला नावं ठेवतो. हे अख्खं बघायचं तर पक्षी अख्खा शिजवायला हवा. साहेबाच्या घरी तो अख्खाच भट्टीत जातो, म्हणून त्याच्या मुलांच्या हाती ते लागतं. तिकडचे पट्टीचे आचारी तर भाजण्याआधीच हे हाड कोरून काढतात, म्हणजे छातीचे काप एकसंध पडतात.

“त्याचं करतात काय पन?”

“दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं. मोडलं की ज्याच्या हातात मोठा तुकडा, त्याची इच्छा पुरी होते.”

माझी भाची न्यू जर्सीत असते. नोव्हेंबरात तिकडे थँक्सगिव्हिंगला टर्की होते, आणि तिची मुलं पहिल्या घासाआधीच या हाडासाठी भांडायला बसतात. विशबोन म्हणतात त्याला. टर्की न खाणाऱ्यांसाठी प्लास्टिकची हाडंसुद्धा बाजारात मिळतात. इंग्लंडात हा खेळ निदान सतराव्या शतकापासूनचा. तेव्हा मोठा तुकडा आला की लग्न आधी होणार असं समजत.

सुनबाई चादरीआडून बाहेर आल्या. “म्हणजे नवसच की.”

“नवस कसला!” काकी उसळल्या. “आपुन एकवीरेला आधी बोलतो, मंग काम झालं की कोंबरा देतो. ये तं कोंबरा खाऊन झाल्यावर इच्छा मागतान! देवानं कनच्या खुशीनं द्यायचं?”

मी अमेरिकेची बाजू घ्यायच्या विचारात होते, ती सोडून दिली.

इराणात आणि अफगाणिस्तानात याच हाडाचा जनाग नावाचा खेळ आहे आणि मला विचाराल तर तो इच्छेपेक्षा सरस आहे. दोघांनी पैज लावून हाड मोडायचं. इथवर तेच. खरा खेळ नंतर सुरू होतो. आता तू मला काहीही दिलंस, वाटी, किल्ली, पाण्याचा ग्लास, तर घेताना मी ‘मला आठवण आहे’ अशा अर्थाचे ठरलेले शब्द बोलायला हवेत. विसरले आणि नुसतंच घेतलं की हरले. हे दिवसचे दिवस चालतं. तुर्कस्तानातही तसंच, तिकडे त्याला लादेस म्हणतात. काकींचा भाचा बोटीवर असतो आणि आखातातली बंदरं त्याला तोंडपाठ आहेत. त्याला विचारा म्हटलं.

“त्याला नको,” काकी म्हणाल्या. “त्याला घेतल्याली वस्तू कंदी आठवत नाय. माजा कुकर अजून त्याचे घरान हाय.”

नातवाला मात्र कुकरमध्ये रस नव्हता. हे हाड कोंबडीला कशाला, एवढंच त्याला हवं होतं. शाळेची रिक्षा यायला अवकाश होता. मी त्याच्या गळ्यापाशी बोट ठेवलं. गेल्या पावसाळ्यात कबड्डी खेळताना तो खांद्यावर पडला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. दोन्ही खांदे मागे ओढून धरणारा पट्टा बांधून तो वर्गात छाती काढून हवालदारासारखा बसायचा. ते कॉलरबोन आपल्याला उजवीकडे एक आणि डावीकडे एक असतं. दोन्ही मधल्या छातीच्या हाडाला येऊन टेकतात, एकमेकांना जुळत नाहीत. पक्ष्यात तीच दोन खाली येऊन एकमेकांना जोडली जातात आणि व्ही तयार होतो. त्याला फर्क्युला म्हणतात. आईच्या पोटात असताना आपल्या अंगातलं जे हाड सगळ्यांत आधी टणक व्हायला लागतं ते कॉलरबोन, आणि त्याचं आतलं टोक पुरतं जुळून यायला पंचविशी उजाडते.

“म्हंजे याचा अजून कच्चाच हाय,” काकी नातवाकडे बघून म्हणाल्या. “म्हनून मोरला.”

“आजी, मला ढकललं होतं!”

ढकललं कुणी, त्याची आई कोण, ती मागच्या वर्षी भिशीत कशी वागली, इकडे गाडी वळली. ते मी गाळते.

तर हाडाचं काम. सुनबाई हल्ली बोनलेस आणतात. छातीच्या मोठ्या तुकड्याखाली एक लांबट, सुटा होणारा तुकडा असतो आणि त्यातून एक पांढरी चिवट दोरी डोकावते. सुरीने ती काढताना बायका वैतागतात. ती दोरी म्हणजे पक्ष्याच्या उडण्यातली सगळ्यांत हुशारीची गोष्ट. पंख खाली मारायचं काम छातीचा मोठा स्नायू करतो, ते सरळ आहे: तो पंखाच्या खाली आहे, आखडला की पंख खाली येतो. पण पंख वर कोण उचलतो? पाठीवर तेवढा मोठा स्नायूच नाही. आपली पाठ चाचपून बघा आणि मग कोंबडीची बघा, हाडाला कातडं चिकटलेलं असतं, म्हणून तो तुकडा नेहमी सुनेच्या वाटीत जातो. पंख उचलणारा स्नायूही छातीतच आहे, हाच लांबट तुकडा. त्याची पांढरी दोरी वर जाते, खांद्यापाशी तीन हाडांच्या मध्ये राहिलेल्या एका भोकातून ओवून पलीकडे निघते आणि पंखाच्या हाडाला वरून जोडलेली असते. स्नायू खाली ओढतो आणि पंख वर जातो. त्या भोकाच्या काठाशी असलेल्या तीन हाडांपैकी एक म्हणजे आपल्या व्हीचं वरचं टोक.

“पायाची शीर ओरली की बोटं मिटतान, तसाच?” काकींनी विचारलं.

अगदी तसंच. कोंबडी कापणाऱ्या घरात लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येक पोराने कापलेला पाय हातात घेऊन ती शीर ओढलेली असते आणि मिटणाऱ्या नख्यांनी बहिणीला घाबरवलेलं असतं. पंखाचंही तसं करता येतं. अख्खी कोंबडी आणली तर छातीचा वरचा मोठा तुकडा सोडवायचा, खालच्या लांबट तुकड्याची दोरी तुटू न देता मागे ओढायची. पंख आपोआप उचलला जातो. मी वर्गात हे दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुलं पहिल्यांदा पुढे आली होती.

आता व्हीचं आणखी एक काम. तो मोठा स्नायू पंख खाली ओढतो तेव्हा जोर दोन्ही खांद्यांवर येतो. ते खांदे जागच्या जागी, एकमेकांपासून हव्या तेवढ्या अंतरावर ठेवायला मध्ये काहीतरी हवं. त्या मोठ्या स्नायूचा काही भाग या हाडालाच धरून असतो. व्हीच्या खालच्या पट्टीपासून छातीच्या मधल्या उभ्या हाडापर्यंत एक पातळ, चिवट पडदा असतो, त्यालाही हे हाड ताणून धरतं. एवढं सगळं काडीएवढ्या हाडाकडून.

पुस्तकांत बरीच वर्षं इथेच पूर्णविराम होता: आधाराचं हाड. मग अमेरिकेत तीन संशोधकांनी, फॅरिश जेंकिन्स, केनेथ डायल आणि जॉर्ज गॉस्लो यांनी, स्टार्लिंग पक्षी वाऱ्याच्या बोगद्यात उडवले आणि उडताना त्यांचा क्ष-किरणांनी सिनेमा काढला. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या गोतातला. थंडीत झुंडीने येणाऱ्या गुलाबी भोरड्याही त्याच घराण्यातल्या. 1988 साली ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं. पंख वर असताना हाडाच्या दोन टोकांमधलं अंतर 12.3 मिलिमीटर, पंख खाली आले की 18.7. म्हणजे दीडपट फाकतं आणि पंख वर जाताना परत मिटतं. सेकंदाला डझनभर वेळा, आणि मोडत नाही.

मी हे सांगताना सुनबाईंच्या ओट्यावरचा भाकरीचा चिमटा मागून घेतला. तो एका पट्टीचा वाकवलेला चिमटा असतो ना, दाबला की मिटतो आणि सोडला की आपला आपण उघडतो. हे हाड त्याच्या उलट: ओढलं की फाकतं, सोडलं की मिटतं. नातवाने चिमटा हातात घेऊन पंख फडफडवल्यासारखं करून दाखवलं. काकींनी तो काढून घेतला.

“उगाच वाकरा करशील. नवीन हाय.”

हे फाकणं-मिटणं नेमकं कशासाठी, यावर मात्र एकमत नाही. त्या तिघांचा अंदाज असा की यातून पक्ष्याच्या श्वासाला मदत होत असावी. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत नाही. अंगभर हवेच्या पिशव्या असतात, त्या भात्याचं काम करतात, आणि त्यातली एक या व्हीच्या आसपासच बसलेली असते. शिवाय प्रत्येक पक्ष्यात हे हाड स्प्रिंग नसतं. आकाशात पंख पसरून नुसते तरंगणारे पक्षी बघा. करंज्याला मासळी उतरते तेव्हा वर ज्या घारी फिरतात त्या घटकाघटका पंख हलवत नाहीत. अशांचं हाड जाड, गोलसर यू आकाराचं आणि ताठ असतं, त्यांना खांदे घट्ट धरून ठेवणारं काहीतरी हवं असतं. पेलिकनमध्ये ते छातीच्या हाडाला सांधलेलंच असतं. फ्रिगेटबर्ड म्हणून एक समुद्रपक्षी आहे, पावसाळी वादळात भरकटून कधीमधी कोकण किनाऱ्यावरही येतो. त्याच्या खांद्याकडचं आणि छातीकडचं सगळं एकत्र सांधून गेलेलं असतं. तो आठवडेच्या आठवडे समुद्रावर हवेत राहू शकतो. आणि उलट टोकाला काही पोपट आणि काही घुबडं: त्यांच्यात दोन्ही काड्या जुळतच नाहीत, काहींत तर नावापुरत्याही उरलेल्या नाहीत. तरी उडतात. म्हणून या हाडाशिवाय उडताच येत नाही असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नये.

“आनि इमूला?” सुनबाईंनी विचारलं. त्यांच्या माहेरी, घाटावर, कुणीतरी इमू पाळायच्या नादात जमीन गहाण टाकली होती. एके काळी महाराष्ट्रभर ते खूळ होतं. तेल निघेल, मांस जाईल, अंडी जातील, आणि शेवटी इमूच उरले.

इमूला आहे, पण दोन बारीक सुट्या काड्या, जुळलेल्या नाहीत. शहामृगाला तेवढ्याही नाहीत. उडायचंच नाही तर कशाला.

“मंग ब्रायलरला कशाला? तो तं उभापन ऱ्हात नाय.”

हा प्रश्न काकींनी विचारला म्हणून बरं झालं, मी कधी विचारला नव्हता. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दुकानात येतो. छाती एवढी वाढवलेली की पायांना ती पेलत नाही. उडण्याचा प्रश्नच नाही. पण हाड आहे, कारण ते अंड्यातच घडतं आणि ते घडवणारा हिशेब रानकोंबड्याचा आहे. रानकोंबडा झाडीतून भर्रकन उठतो, थोडं उडतो आणि पलीकडच्या झुडपात बसतो. तेवढ्या झटक्यासाठी छातीत सगळा जोर साठवलेला. छातीचं मांस पांढरं असतं तेही त्यामुळेच: ते झटक्याचं मांस आहे, तासन्‌तास चालणाऱ्या कामाचं नाही. काकींची तांबडी कोंबडी रोज संध्याकाळी शेवग्यावर चढते, आणि मांजर मागे लागलं की या भिंतीवरून आमच्याकडे येते. तिचं हाड कामावर आहे. ब्रॉयलरचं नुसतंच मस्टरवर.

2025च्या जानेवारीत इथे चिरनेरला बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या, तेव्हा काकींनी ही तांबडी महिनाभर टोपल्याखाली ठेवली होती. आमचं घर त्या हद्दीत येत नव्हतं. पण त्यांना ते कोण पटवणार?

आता या हाडाची खरी भानगड सांगते. भिंतीवर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात खोटा आळ आहे.

कोपनहेगनमध्ये गेरहार्ड हाइलमान नावाचा एक चित्रकार होता. पक्षी कुठून आले, या ध्यासाने त्याने सगळी जुनी हाडं रेखाटून काढली. 1926 साली त्याचं पुस्तक इंग्रजीत आलं आणि जगाने ते मानलं. त्याच्या ध्यानात आलं होतं की मांस खाणारे दोन पायांचे डायनासोर पक्ष्यांशी जवळजवळ हुबेहूब जुळतात. पाय, पंजे, कंबर, सगळं. पण डायनासोरांना कॉलरबोनच सापडत नव्हतं. पक्ष्यांना तर हा ठसठशीत व्ही. एकदा गमावलेलं हाड पुढच्या पिढ्यांत परत उगवत नाही, हा तेव्हाचा नियम. तेव्हा त्याने निष्कर्ष काढला: डायनासोर पूर्वज नव्हेत, कुणीतरी आणखी जुना सरडा असणार. पुढे जवळपास अर्धं शतक हेच शिकवलं गेलं.

आणि हाड त्याआधीच मिळालेलं होतं! मंगोलियातल्या वाळवंटातून अमेरिकन म्युझियमच्या मोहिमेने एक डायनासोर आणला होता. 1924 साली हेन्री ऑस्बॉर्न यांनी त्याचं वर्णन छापलं. त्याच्या छातीत व्ही होता. पण तो दुसरंच काहीतरी हाड म्हणून नोंदला गेला. पुढे 1983मध्ये मंगोलियाच्याच बार्सबोल्ड यांनी दाखवून दिलं की अहो, हे विशबोन आहे.

“म्हंजे दारात असून दिसला नाय.”

तेवढंच नाही. तो प्राणी अंड्यांच्या ढिगाशेजारी सापडला म्हणून त्याचं नावच ठेवलं ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. दुसऱ्याची अंडी पळवताना मेला, असा आळ. पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही. 1993 साली तशाच एका अंड्यात चिमुकलं भ्रूण मिळालं, ते निघालं त्याच्याच जातकुळीचं. नंतर असे सांगाडे मिळाले की घरट्यावर दोन्ही हात पसरून, अंडी पोटाखाली घेऊन बसलेले. चोर नव्हता, उबवायला बसला होता.

काकी गंभीर झाल्या. त्यांची तांबडी आमच्या तुळशीमागे अंडी घालते आणि मागच्या गल्लीतल्या एका बाईने ती आपल्या कोंबडीची आहेत असं चारचौघांत म्हटलं होतं. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. “मंग नाव बदललं का त्याचं?”

नाही. शास्त्रात एकदा ठेवलेलं नाव अर्थ चुकला म्हणून बदलत नाही. निर्दोष सुटला, पण सातबाऱ्यावर चोरच.

“बग! असाच अस्तंय.”

1970च्या दशकात जॉन ऑस्ट्रम यांनी पक्षी आणि डायनासोर यांचं नातं पुन्हा उभं केलं. मग ज्याला त्याला हे हाड सापडू लागलं. 1997मध्ये वेलोसिरॅप्टरमध्ये, आणि त्यानंतर वर्षभरातच टी. रेक्सच्या भाऊबंदांतही. उडण्याच्या कितीतरी आधीपासून हे हाड होतं, म्हणजे ते उडण्यासाठी निर्माण झालेलंच नाही. आधी त्याने पुढच्या पायांचे खांदे सांभाळले असतील, पुढे त्या पायांचे पंख झाले आणि हाडाला नवी नोकरी लागली.

“म्हणजे काल आपण डायनासोर खाल्ला?” नातवाचे डोळे चकाकले. हे तो आता वर्गात सांगणार आणि दुपारी त्याच्या बाईंचा मला फोन येणार, हे मला स्पष्ट दिसलं. तरी हो म्हटलं. खोटं नाही ते.

“आमचे उरणान मिलाला का कंदी?”

उरणचा काळा दगड लाव्हाचा, घारापुरीची लेणी ज्यात कोरली तोच. त्यात हाडं मिळायची आशा नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळाली आहेत. लांब मानेचा, झाडपाला खाणारा इसिसॉरस तिथला. तो काही कोंबडीच्या घराण्यातला नव्हे, चुलत घरचा म्हणा.

रिक्षाचा हॉर्न वाजला. नातू पळाला. हाड त्याने भिंतीवर ठेवलं आणि आजीला दम दिला, की मी येईपर्यंत कुणी मोडायचं नाही. मी सांगितलं, नाहीतरी आज मोडू नका. शिजलेलं ओलं हाड वाकतं, नीट तुटत नाही. ते दोन-चार दिवस वाळू द्यावं लागतं, मग कडक होऊन टचकन मोडतं. गंमत अशी की जिवंतपणी ज्या गुणासाठी ते ओळखलं जातं, तोच आधी काढून टाकावा लागतो. सुनबाईंनी हाड गरम पाण्यात धुतलं आणि फ्रीजवर, मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवलं. मांजराचं कॉलरबोन सुटं असतं, कशालाच धड जोडलेलं नसतं, म्हणून ते कुठल्याही फटीतून खांदे आवळून जातं. त्याच्यापासून सुरक्षित जागा तशी नसतेच, पण हे मी बोलले नाही.

रविवारी दोन्ही नातवंडं भिंतीशी आली. धाकटी नात पाच वर्षांची. काका पंच. मी दोघांना सांगितलं होतं की जिंकायचा उपाय आहे: आपली काडी जुळणीच्या चपट्या पट्टीच्या जवळ धरायची, आणि स्वतः जोर न लावता समोरच्याला ओढू द्यायचं. ज्याचा हात कमी हलतो त्याच्याकडे पट्टी राहण्याची शक्यता जास्त. नातवाने हे ऐकून घेतलं आणि जोरातच ओढलं. टच्. पट्टीसकट मोठा तुकडा नातीच्या हातात.

“चीटिंग! हिने खालून धरलं होतं!”

काकींनी माझ्याकडे बघितलं. निकाल टीचरचा. मी म्हटलं, नियमात बसतं, शिवाय तिची काडी किंचित जाडही होती. नातीला इच्छा विचारली तर ती म्हणाली, सांगितली की पुरी होत नाही. मग काकींनी कानात विचारली आणि तिने सांगितली.

“काय म्हणाली?”

“पुन्ना पोपटी लावा बोलतेय. मीठ कमी टाकून.”

चादरीमागून बादली जरा जोरात आपटली.